दमणगंगा: दोन हजार मिलिमीटर पाऊस आणि मार्चात टँकर

प्रश्न नाशिकच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिने दमणगंगा निवडली आणि तीन गोष्टी विचारल्या. गोदावरीच्या इतक्या जवळ उगम पावूनही ही नदी पश्चिमेला का जाते? पेठ-हरसूलकडे एवढा पाऊस पडतो, तरी मार्चपासून टँकर का लागतात? आणि नदी बघायची तर कुठे आणि कधी जावं? भूजलाच्या कामात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त याच पट्ट्यात विहिरींची पातळी मोजण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबणार, तेवढी तयारी ठेवा.

आधी नदीची साधी ओळख. दिंडोरी तालुक्यात आंबेगावाजवळ, समुद्रसपाटीपासून साधारण ९५० मीटर उंचीवर दमणगंगेचा उगम धरतात. तिथून पेठ तालुक्यातून, हरसूलच्या उत्तरेकडून, गुजरातच्या हद्दीतून, सिल्वासाच्या काठाने ती दमणला अरबी समुद्रात जाते. एकूण लांबी सुमारे १३१ किलोमीटर. पाणलोट २,३१८ चौरस किलोमीटर, त्यातलं १,४०८ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात, ४९५ गुजरातेत आणि ४१५ दादरा-नगर हवेली व दमणमध्ये. म्हणजे साठ टक्के पाणलोट आपल्या राज्यात आहे. नाव मात्र शेवटच्या गावाचं, आणि नाशिककरांच्या बोलण्यात ही नदी जवळजवळ नसतेच. गोदेच्या काठावर राहणाऱ्यांचं लक्ष पूर्वेकडे असतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा अर्धा भूगोल आपल्याला अनोळखी राहतो.

आता पहिला प्रश्न. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. गोदावरी ब्रह्मगिरीवर साधारण १,०६७ मीटर उंचीवर निघते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. किलोमीटरला सरासरी उतार पाऊण मीटरहूनही कमी. दमणगंगा ९५० मीटरवरून निघते आणि १३१ किलोमीटरमध्ये समुद्र गाठते. किलोमीटरला सव्वासात मीटर. दहापट उतार. दोघींचे उगम एकाच डोंगररांगेत, पाऊस एकाच ढगांचा, आणि तरी एक रमतगमत जाणारी आणि दुसरी कोसळत जाणारी. ही सरासरी आहे हेही ध्यानात ठेवा. प्रत्यक्षात दमणगंगा आणि तिचे ओहोळ बराचसा उतार वरच्या अंगालाच संपवून टाकतात, आणि खालची नदी पुष्कळ सपाटीची आहे.

दख्खनचं पठार पूर्वेकडे हळूहळू कललेलं आहे, म्हणून गोदावरी पूर्वेला जाते. पश्चिमेला मात्र समुद्र जवळ आणि उंची तेवढीच, त्यामुळे तिकडच्या नद्यांना खोदायची ताकद जास्त. अशी नदी नुसती खाली वाहत नाही, ती उगमाकडे मागे मागे सरकत डोंगर खात जाते. धबधब्याच्या पायथ्याशी खडक पोखरला जातो, वरचा कडा ढासळतो, धबधबा थोडा मागे सरतो. माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही, पण लाखो वर्षांत जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचं पाणी वेगळं करणारी सीमा, पूर्वेकडे ढकलला जातो. पश्चिमेची नदी पूर्वेच्या नदीचे वरचे ओहोळ स्वतःकडे वळवून घेते, त्याला अभ्यासक नदीचौर्य म्हणतात.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. कसारा घाटात सह्याद्री सरळ भिंतीसारखा उभा आहे. वर इगतपुरी, खाली कोकण, मधे कडा. त्र्यंबकच्या उत्तरेला गेलात की ती भिंत मोडते. तिथे एक कडा नाही, तर दऱ्याखोऱ्यांनी फाडलेला रुंद पट्टा आहे. पेठ रस्त्याने निघालात की रासेगाव, चाचडगाव मागे पडतं आणि सावळ घाट लागतो. हा घाट ओलांडला की रस्त्याकडेच्या मोरीतलं पाणी अरबी समुद्राकडे निघालेलं असतं. पुष्कळांना हे कळतही नाही, कारण जलविभाजक म्हणजे मोठा डोंगर असं आपल्या मनात असतं. या भागात तो काही ठिकाणी साधा माळ आहे, वर नाचणीचं शेत आहे. एका बांधावर पडलेला पाऊस नाशिकच्या रामकुंडाकडे जातो, पलीकडच्या बांधावरचा दमणच्या बंदराकडे.

दुसरा प्रश्न खरा महत्त्वाचा. पेठमध्ये वर्षाचा सरासरी पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास आहे. नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास, आणि येवल्याकडे पाचशेचाही भरवसा नाही. टँकर येवल्यातही लागतो आणि पेठमध्येही लागतो. येवल्याचं कारण कुणालाही कळतं. पेठचं कारण कळायला खडक बघावा लागतो.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून तयार झाला. एकावर एक असे थर, जवळजवळ आडवे. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, काळा, निबर असतो. त्यात भेगा असतील तेवढंच पाणी. वरचा भाग वायूचे बुडबुडे राहिल्याने सच्छिद्र असतो, तो झिजून मुरूम होतो, आणि पाणी धरतो ते मुख्यतः हाच. दोन थरांच्या मधे कधीकधी विटकरी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्याची ती माती. घाटात रस्ता कापलेला असेल तिथे गाडी थांबवून हा पट्टा जरूर बघा, हात लावून बघा. काळ्या दगडाच्या मधोमध लाल चिकणमाती, बोटांना रंग लागतो.

आता हिशेब करू. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येईल असं पाणी आकारमानाच्या साधारण दोन टक्के धरतात. समजा तुमच्या पाड्याखाली पाच मीटर जाडीचा मुरूम आहे आणि तो काठोकाठ भरला. पाच मीटरचे दोन टक्के म्हणजे दहा सेंटिमीटर, शंभर मिलिमीटर. पाऊस पडला दोन हजार, जमिनीच्या भांड्यात मावले शंभर. जुलैच्या मध्यापर्यंत हे भांडं भरतं. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जे पडतं ते भरलेल्या हंड्यावर ओतल्यासारखं आहे. दोन हजारांऐवजी तीन हजार पडला तरी मार्चमधल्या विहिरीला फार फरक पडत नाही. मी हे वर्षानुवर्षं टेपवर बघितलं आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑक्टोबरची पातळी जमिनीला टेकलेली असते आणि साधारण पावसाच्या वर्षीही तिथेच. मे महिन्यात दोन्ही वर्षी तळ.

आणि हे भांडंही गळकं आहे. दऱ्या खोल कापलेल्या असल्यामुळे आडव्या थरातलं पाणी दरीच्या बाजूला उघडं पडतं आणि झऱ्यांवाटे निघून जातं. सपाट मुलखात भूजल जागच्या जागी राहतं, हळूहळू सरकतं. इथे पाडा डोंगराच्या सोंडेवर, दोन्ही बाजूंना दरी, आणि सोंडेच्या पोटातलं पाणी दोन्हीकडे गळतंय. एकाच उंचीवर ओळीने झरे लागतात, कारण तिथे सच्छिद्र थर संपून खाली घट्ट थर सुरू होतो. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आणि झऱ्यांचे ठिपके एकत्र मांडा. ठिपके रेषेवर माळेसारखे ओवलेले दिसतील. प्रकल्पात ही एक आकृती काढलीत तरी तुमचं काम इतरांपेक्षा वेगळं होईल.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली होती, ती सांगतो, कारण ती चूक अजूनही होते. नदीत एक डोह होता. मे महिन्यातही त्यात पुरुषभर पाणी. मला वाटलं, इतकं पाणी टिकतंय म्हणजे आजूबाजूच्या खडकात पाणी आहे. डोहापासून वीस-पंचवीस मीटरवर विहीर सुचवली. लोकांनी दोन महिने खपून खणली. कोरडी. घट्ट काळा खडक, एक थेंब नाही. नंतर डोक्यात प्रकाश पडला की डोहात पाणी टिकतं तेच मुळी खडक गळत नाही म्हणून. नदीने निबर खडकात खोदलेलं ते दगडी भांडं होतं. पावसात भरलं आणि झाकणाशिवाय तसंच राहिलं. डोह दिसला की जवळ विहीर घ्या हा सल्ला कुणी दिला तर आधी डोहाच्या काठावर हातोडी मारून बघा. खणखणीत आवाज आला तर तिथे विहीर नको. दबका आवाज आला, मुरूम सुटला, भेगांमध्ये ओल दिसली, तर बोलण्यात अर्थ आहे. त्या पाड्यातल्या एका आजींनी मला विहीर खणायच्या आधीच सांगितलं होतं, ‘दादा, तिथं उंबर नाही.’ उंबराचं झाड जिथे आपोआप वाढतं तिथे खाली ओल असते, हे त्यांचं साधं गणित. मी तेव्हा ते ऐकलं नाही. नंतरच्या प्रत्येक पाहणीत आधी उंबर कुठे आहे ते विचारत गेलो.

मार्च-एप्रिलमध्ये नदीत काय असतं, तर झिरे. पात्रातल्या वाळूत, दगडगोट्यांत खणलेला हातभर, कधी कमरेइतका खड्डा. त्यात बाजूने पाणी झिरपतं, म्हणून झिरा. पहाटे चारला बाया रांग लावतात. एका झिऱ्याशी मी घड्याळ लावून बसलो होतो. मावशी खड्ड्यात उतरल्या, वाटीने पाणी उचलत होत्या, तळ ढवळू नये म्हणून वाटी आडवी धरून, अगदी वरचं वरचं. पाच-सहा वाट्या झाल्या की थांबायचं, पाणी पुन्हा जमू द्यायचं. फडक्यातून गाळत गाळत एक हंडा भरायला वीस मिनिटं लागली. मागे चौदा हंडे होते. वाट बघताना कुणी बोलत नव्हतं, कारण बोलण्यात लक्ष गेलं तर नंबर जातो. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन दीडशे फूट चढ. पाडा वर, पाणी खाली, हा या सगळ्या मुलखाचा नियम आहे. वस्ती वर का, तर खालची दरी पावसाळ्यात राहण्यासारखी नसते आणि खालची जी थोडी सपाट जागा आहे ती भाताच्या खाचरांना लागते.

तुम्ही लिहिलंय की मोबाइलच्या नकाशावर नदीची निळी रेघ उगमापासून समुद्रापर्यंत सलग दिसते. ती रेघ फसवी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा बघा. हा भाग ४६ एच या मालिकेत येतो. त्या नकाशावर बारमाही पाणी निळ्या रंगात आणि वर्षाचा बराच काळ कोरडे राहणारे ओहोळ काळ्या रेषेत असतात. दमणगंगेच्या वरच्या खोऱ्यात काळ्या रेषांचं जाळंच जाळं आहे, झाडाच्या फांद्यांसारखं, आणि निळा रंग शोधावा लागतो. शेजारी समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या, वीस वीस मीटरवर. हा एक कागद टेबलावर पसरला तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

या मुलखात माणसं थोडी आणि विखुरलेली आहेत. २०११ च्या जनगणनेत पेठ तालुक्याची लोकसंख्या एक लाख वीस हजारांच्या आसपास होती, त्याच वेळी एकट्या नाशिक महापालिकेत पंधरा लाखांच्या आसपास लोक राहत होते. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती. एक महसुली गाव म्हणजे पाच-सात पाडे, एकमेकांपासून एक-दोन किलोमीटरवर, मधे ओहोळ. पावसाळ्यात तो ओहोळ चढला की पाडा तुटतो. उतारावर नागली, वरई, खुरासणी, खाली भात. जुलैमध्ये आवणीची, म्हणजे भाताची रोपं लावायची, घाई असते, त्या दिवसांत पाड्यावर माणूस सापडत नाही, सगळे चिखलात. भात-नागली घरात आली की बिऱ्हाडं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत तिथे काम असतं. जलविभाजकाच्या या बाजूला पाणी पडतं, पण शेत पिकतं पलीकडच्या बाजूला, कारण तिकडे कादवा, उनंदा, कोळवण या नद्यांवर धरणं झाली, कालवे झाले, काळी जमीन आहे. पाणी थांबलं तिथे काम तयार झालं आणि माणूस कामामागे गेला. नदीचा भूगोल लिहिताना हे स्थलांतरही लिहा. ते नदीच्या उतारातूनच आलेलं आहे.

नदीजोडाबद्दल तुम्ही थेट विचारलं नाही, पण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेलच. दमणगंगेचं पाणी वळवण्याच्या योजना जुन्या आहेत. २०१० मध्ये केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या दोन जोड प्रकल्पांच्या आराखड्यांसाठी करार झाला. पिंजाळ जोडात दमणगंगेवर भुगड आणि वाघ नदीवर खारगीहिल अशी धरणं बांधून पाणी मुंबईकडे न्यायचं आहे. त्याशिवाय पेठ तालुक्यातल्या एकदऱ्यापासून पाणी गोदावरी खोऱ्यात चढवण्याची राज्याची योजना आहे.

दर वेळी एकच वाक्य ऐकू येतं, की पाणी समुद्राला वाहून वाया जातं. पाणी किती, ते आधी बघू. महाराष्ट्रातल्या १,४०८ चौरस किलोमीटरवर दोन मीटर पाऊस धरला तर होतात जवळजवळ २८२ कोटी घनमीटर, म्हणजे शंभर टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. जायकवाडीची एकूण क्षमता जवळपास तेवढीच आहे, आणि आपलं गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या थोडं पुढे. हा पडणारा पाऊस आहे, नदीत येणारं पाणी त्याहून कमी. पण आकडा मोठा आहे हे खरं, आणि मराठवाड्याची तहानही खरी आहे. तिची टिंगल मी करणार नाही.

तरी दोन गोष्टी कागदावर मांडल्याशिवाय मत बनवू नका. एक, चढाव. नदी खाली, गोदावरीचं खोरं वर. समजा पाणी तीनशे मीटर चढवायचं आहे. एक घनमीटर पाणी तीनशे मीटर उचलायला पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पाऊण युनिटहून थोडी जास्त वीज लागते, पंपांची गळती धरली तर एका युनिटच्या पुढे. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. म्हणजे दर टीएमसीमागे तीन कोटी युनिटच्या आसपास, आणि तेही दर वर्षी. हे बिल कोण भरणार ते पहिल्या पानावर हवं. दोन, बुडणारी जमीन. या मुलखात सपाट, खोल मातीची जागा फक्त दरीच्या तळाला असते आणि धरणाचं पाणी नेमकं तिथेच साठतं. हेक्टरचा आकडा लहान दिसतो, पण पाड्याची सगळी भाताची खाचरं त्या आकड्यात असतात. वरचा उतार भरपाई म्हणून मिळाला तर तिथे भात होत नाही. माझं मत विचाराल तर, ज्या खोऱ्यात बाया वाटीने हंडा भरतात तिथून पाणी उचलायच्या आधी त्या खोऱ्याचं पिण्याचं पाणी बारा महिने पक्कं झालं पाहिजे, आणि हे कलम करारात पहिलं असावं, शेवटचं नाही. ते महागही नाही. कसं, ते सांगतो.

मिनिटाला पाच लिटर देणारा झरा बघायला गेलात तर करंगळीएवढी धार दिसते. कुणी त्याला झरा म्हणायलाही तयार होत नाही. पण दिवसाची १,४४० मिनिटं धरली तर ती धार ७,२०० लिटर देते. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलंय, त्या हिशेबाने एकशे तीस माणसांचा पाडा एका करंगळीवर भागतो. अडचण एवढीच की धार रात्रभर वाहते आणि बाया पहाटे येतात. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी छोटी बंद पेटी, खाली साठवण टाकी, आणि झरा पाड्याच्या वर असेल तर नुसत्या उतारावर नळ. वीज नको, पंप नको. झरा खाली असेल तर सौरपंप. झऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथून त्याला पाणी मिळतं त्या माळावर, समतल चर आणि झाडोरा राखला की धार आणखी काही आठवडे टिकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओहोळ वाहता असताना रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून घातलेले वनराई बंधारे विहिरीला जानेवारीपर्यंत हात देतात. गळक्या भांड्याला ही छोटी छोटी ठिगळं लावावी लागतात. एकच मोठं बुच इथे बसत नाही, कारण गळती शंभर जागी आहे.

चुकीच्या जागी काम केलं तर काय होतं तेही बघितलंय. काही ठिकाणी आडव्या थरांना चिरत उभी गेलेली काळ्या दगडाची भिंत असते, भूशास्त्रात तिला डाइक म्हणतात. ती घट्ट असेल तर जमिनीखाली बंधाऱ्याचं काम करते. तिच्या वरच्या अंगाची विहीर एप्रिलपर्यंत टिकते आणि खालच्या अंगाची डिसेंबरात आटते, मधलं अंतर शंभर पावलं. एका पाड्यावर सिमेंट बंधारा नेमका अशा भिंतीच्या खालच्या अंगाला, भेगाळ खडकावर बांधला गेला. ठेकेदाराला रस्ता तिथपर्यंतच होता. पहिल्याच हिवाळ्यात बंधारा कोरडा. वर दोनशे पावलांवर जागा होती, ती गावातल्या गुराख्याला माहीत होती.

खालच्या नदीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती माझी रोजची नाही. त्र्यंबक-हरसूलच्या अंगाने येणारी वाघ नदी मोखाडा-जव्हारच्या मुलखातून येऊन दमणगंगेला मिळते. पुढे गुजरातेत मधुबन धरण, त्याचा फुगवटा दादरा-नगर हवेलीत दुधनीपर्यंत पसरलेला. मग सिल्वासा, वापीची रासायनिक वसाहत, तिथे पाण्याचा रंग आणि वास बदलतो. शेवटी दमण. दक्षिण काठावर मोटी दमण, उत्तर काठावर नानी दमण, दोन्हीकडे पोर्तुगीज किल्ले, मधे भरती-ओहोटीचं गढूळ पाणी. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा लढणाऱ्यांत आपल्याकडची मंडळीही होती, सुधीर फडके त्यातलेच. एकाच नदीवर तीन प्रशासनं आली ती त्या इतिहासामुळे, आणि पाणीवाटपाची बोलणी आजही तिघांत होतात ती त्याचमुळे.

तिसरा प्रश्न, कधी आणि कुठे. दोनदा जा. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा एप्रिलमध्ये, आणि दोन्ही वेळा त्याच जागी उभं राहून फोटो काढा. नाशिकहून पेठ रस्त्याने सावळ घाट, करंजाळी, कोटंबी घाट, पेठ, आणि पेठहून हरसूलच्या बाजूने खाली. घाटात थांबून तांबड्या मातीचा पट्टा बघा. पुढे नदी ओलांडणाऱ्या पुलावर थांबा. ऑगस्टमध्ये पात्रात उतरू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. वर डोंगरात सर आली की तासाभरात पाणी चढतं, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतं. अशा पाण्यात गेलेली माणसं मला माहीत आहेत. पुलावरून फक्त दोन गोष्टी टिपा, पाण्याचा रंग आणि खांबावरची पाण्याची खूण. तास-दीड तासाने पुन्हा बघा. खूण बदललेली असेल. उतार म्हणजे काय ते तिथे कळेल.

एप्रिलमध्ये पहाटे पोहोचा आणि पात्रात उतरा. उघड्या खडकात गोल रांजणखळगे दिसतील. दगडगोटे भोवऱ्यात फिरून फिरून खोदलेले. काहींच्या तळाशी ते गोटे अजून असतात, हातात घेऊन बघा, किती गुळगुळीत झालेत. मग झिरा शोधा. बायका पाणी भरत असतील तर आधी त्यांची परवानगी घ्या, फोटोसाठी वेगळी घ्या, आणि रांग मोडू नका. त्यांना विचारा की हा झिरा कोणत्या महिन्यात खणतात, किती खोल जावं लागतं आणि पाणी कोणत्या बाजूने येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या लगेच देतात. उगमाच्या बाजूने येत असेल तर नदीचंच वाळूतलं पाणी आहे. काठाच्या बाजूने येत असेल तर डोंगराचा थर तिथे उघडा पडलाय. मग काठावर थोडं वर चढून बघा, ओल, हिरवा पट्टा किंवा उंबर दिसतोय का. दिसला तर त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि बाटली धरून धार मोजा. लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागले ते लिहा. बारा सेकंद लागले तर तो मिनिटाला पाच लिटरचा झरा आहे. असे पाच-सहा झरे मोजून झाले की नोंदी घेऊन त्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि एक प्रत तिथे ठेवा.